सहा नंबरची जागा

मे महिन्यात न्यू जर्सीत एक सकाळ अशी येते, की ऑफिसला निघताना गाडीची काच खाली करावीशी वाटते. हिवाळाभर बंद असलेली काच कुरकुरत खाली जाते आणि कापलेल्या गवताचा ओला, किंचित कडसर वास आत शिरतो. यंदा, २००८ साली, ती सकाळ काल आली. सिग्नलला थांबले होते. शेजारच्या शाळेच्या बेसबॉलच्या मैदानावर एक म्हातारा माणूस छोटी गाडी ढकलत लाल मातीवर पांढऱ्या रेघा ओढत होता. इतक्या सरळ, इतक्या सावकाश, की सिग्नल हिरवा झाला तरी मी बघतच राहिले. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

मला बेसबॉल अजूनही पुरता कळत नाही. नियम कळतात, पण हा खेळ पाहताना बाकीच्यांच्या पोटात जे होतं ते माझ्या पोटात होत नाही. तरी दर मे महिन्यात माझं मन २००३च्या उन्हाळ्यात जाऊन बसतं. आणि दर वेळी तिथून काहीतरी नवं विचारायचं राहिलंय असं वाटत परत येतं.

त्या उन्हाळ्यात मी काहीही करत नव्हते. हे वाक्य लिहायला सोपं, जगायला फार अवघड. पुण्यात सहा वर्षं मी एका यंत्रांच्या कारखान्यात जपानीची दुभाषी होते. जपानी इंजिनियर आले की त्यांच्या शेजारी हेल्मेट घालून उभी राहायची आणि दोन्हीकडची वाक्यं इकडून तिकडे पोचवायची. मग शेखरशी लग्न झालं. तो मूळचा नागपूरचा, प्रोग्रामर. त्याच्या वर्क व्हिसावर त्याची बायको म्हणून मी न्यू जर्सीतल्या आयसेलिनला आले आणि माझ्या पासपोर्टवर एक शिक्का बसला. त्याचा साधा अर्थ असा, की मी या देशात राहू शकते, फिरू शकते, काम करू शकत नाही.

सकाळी शेखर गेला की अपार्टमेंटमध्ये फक्त फ्रिजचा आवाज असायचा. दहाला मी ओक ट्री रोडपर्यंत चालत जायची. साड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यांच्या पैठण्या कधी बदलल्या, हे मला दुकानदाराइतकंच ठाऊक असायचं. कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परत. पोळ्या लाटताना मी जपानीत आकडे मोजायची, स्वतःलाच सूचना द्यायची: आता उलटा, आता भाजा. भाषा वापरली नाही की ती आक्रसते, गरम पाण्यात टाकलेल्या लोकरीसारखी, हे मला त्या वर्षी कळलं. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी अगदी मायेने विचारलं होतं, "अगं मृणाल, एवढं जपानी शिकलीस, त्याचा इथे काय उपयोग गं?" मी हसले.

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची खोली होती. चार मशीनं, चार ड्रायर, एक कोल्ड्रिंकच्या डब्यांचं, सोड्याचं मशीन. मेमधल्या एका दुपारी मी टॉवेल घेऊन खाली गेले, तर एक माणूस दोन हातांत दोन डबे धरून उभा. एकात कपड्यांचा साबण, दुसऱ्यात कपडे मऊ करायचं द्रव्य. कोणतं कुठे ओतायचं हे त्याला उमगत नव्हतं. वय असेल पस्तिशीच्या पुढे. मान कॉलरच्या वर तांब्यासारखी आणि खाली फिकी. टोपलीत पांढऱ्या पँटी, गुडघ्यांवर लाल मातीचे डाग.

"कोमात्ता ना," तो पुटपुटला. म्हणजे, काय करावं बुवा.

"डाव्या हातातलं आधी," मी जपानीत म्हटलं.

त्याने माझ्या मागे पाहिलं. तिथे फक्त सोड्याचं मशीन होतं. मग माझ्याकडे पाहिलं. पंजाबी ड्रेस, टिकली, हातात टॉवेल. दोन्ही डबे खाली ठेवून त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, आणि मीही कित्येक महिन्यांनी, अंगात मुरलेल्या सवयीने, तेवढीच वाकले.

"मातीचे डाग असे जाणार नाहीत," मी म्हटलं. "आधी भिजत घाला. तुम्ही बागकाम करता का?"

"बेसबॉल खेळतो," तो म्हणाला.

"या वयात?" हे माझ्या तोंडून इतक्या आदरार्थी जपानीत निघालं, की आमचं आम्हालाच हसू आलं.

त्यांचं नाव तात्सुओ हिगाशिदा. वय छत्तीस. तेरा वर्षं जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळून ते या गावात आले होते. आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवरच्या मैदानावर एक छोटा संघ होता. अमेरिकेत मोठ्या लीगच्या खाली लहान लीगा असतात, आणि त्यांच्याही बाहेर अशा काही स्वतंत्र लीगा, ज्यांत दोनच प्रकारचे खेळाडू असतात. ज्यांना अजून कुणी बोलावलेलं नाही, आणि ज्यांना आता कुणी बोलावत नाही. हे वर्णन हिगाशिदा-सानांचंच; सान म्हणजे जपानीतलं आदराचं 'राव'. त्यांनी ते हवामान सांगावं तसं सांगितलं. मोठ्या क्लबांची माणसं कधीकधी बघायला येतात, कुणाला तरी उचलून नेतात. त्यासाठी एक मोसम. बायकोने आणि त्यांनी मिळून तेवढाच ठरवला होता.

शेखरला हे सगळं ऐकून गंमत वाटली. "गाव कुठलं त्यांचं?"

"शिकोकू बेटावरचं. बायकोच्या माहेरच्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत."

"संत्र्याच्या? मग आपलाच माणूस निघाला ना यार!" नागपूरकराला आणखी काय हवं. मग जरा थांबून म्हणाला, "मदत कर, बिनधास्त कर. फक्त पैसे घेऊ नकोस हं. व्हिसाचं लफडं नको."

तशी मी त्यांची शेजारीण झाले. बँकेतलं पत्र, दाताच्या डॉक्टरचा फोन, संघाच्या बसची वेळ. संघात स्पॅनिश बोलणारे पुष्कळ, त्यांचा आपसात कल्ला. हिगाशिदा-सानांशी जपानी बोलणारं कुणी नाही. मॅनेजर म्हणजे त्या संघाचा मुख्य. साठीचा, ढेरीवाला, सतत सूर्यफुलाच्या बिया चघळणारा गृहस्थ. तो त्यांना 'टॅट्स' म्हणायचा आणि हातवाऱ्यांनी काम भागवायचा. माझी ओळख झाल्यावर तो घरच्या सामन्यांचे दोन पास गेटवर ठेवू लागला.

पण मला खेळ कुठे कळत होता? मी क्रिकेटच्या घरातली. एका रविवारी सकाळी हिगाशिदा-सान आमच्याकडे चहाला आले. मी बशीत शंकरपाळे ठेवले. त्यांनी एक उचलला, तोंडात टाकायच्या ऐवजी बोटांत फिरवून बघितला आणि टेबलावर टोकावर उभा केल्यासारखा मांडला.

"हे मैदान," ते म्हणाले.

खरंच की. बेसबॉलचं मैदान म्हणजे शंकरपाळ्याचा आकार. खालच्या टोकाला फलंदाज. तिथून उजवं टोक पहिला बेस, वरचं दुसरा, डावं तिसरा, आणि पुन्हा खाली आलं की धाव. मग त्यांनी आणखी नऊ शंकरपाळे घेऊन नऊ खेळाडू मांडले. प्रत्येक जागेला नंबर असतो. एक फेकणारा, दोन त्याच्यासमोर बसून चेंडू पकडणारा कॅचर, तीन-चार-पाच अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरचे. सात-आठ-नऊ मागे लांब, गवतात.

"आणि सहा?" मी विचारलं.

"सहा इथे." दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी एक शंकरपाळा ठेवला. त्याला इंग्रजीत शॉर्टस्टॉप म्हणतात हे मला नंतर कळलं. जपानीत जुना शब्द युगेकिशु. बाकी सगळ्यांची नावं सरळ आहेत, पहिल्या बेसचा, दुसऱ्या बेसचा. या एकालाच कुठला बेस नाही. आणि त्याच्या नावातलं पहिलं अक्षर 'यु' म्हणजे खेळणं, हुंदडणं, मोकळं फिरणं. इतक्या शिस्तीच्या खेळात कुणीतरी एकाच्या नावात हुंदडणं घालून ठेवलंय, याचं मला दिवसभर कौतुक वाटत राहिलं.

"तुम्ही यातले कोणते?" मी विचारलं.

शेखर खो खो हसला, कारण त्याने इंटरनेटवर आधीच वाचलं होतं. हिगाशिदा-सानांनी शंकरपाळ्यांवरून बोट फिरवलं. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. फक्त एक नंबर सोडला. "चेंडू फेकायला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले, आणि मैदानातला कॅचर खाऊन टाकला.

त्यांच्या गाडीच्या डिकीत पाच हातमोजे असायचे. मला वाटायचं, मोजा म्हणजे मोजा. त्यांनी ते ओळीने गवतावर मांडून दाखवले. कॅचरचा जाड, उशीसारखा. पहिल्या बेसचा लांबट, बोटं नसलेला. दुसऱ्या बेसचा अगदी लहान, कारण त्यातून चेंडू झटकन बाहेर निघायला हवा. तिसऱ्या बेसचा जरा मोठा. गवतातल्यांचा सर्वांत लांब, फुलपात्रासारखा खोल. दर सोमवारी ते इमारतीच्या पायरीवर बसून पाचही मोज्यांना तेल लावायचे. कातड्याचा आणि तेलाचा तो उबदार वास. मी कोथिंबीर घेऊन परत येताना थांबायची.

"हाताला गोंधळ होत नाही का?" मी एकदा विचारलं.

"हाताला नाही होत," ते म्हणाले. पुढे काहीतरी म्हणणार होते, पण मोज्याची नाडी आवळू लागले.

मला माणसं अशी अर्ध्यावर थांबली की चैन पडत नाही. दुभाषाची खोड. वाक्य पुरं झाल्याशिवाय ते पलीकडे नेता येत नाही.

जुलैतला एक सामना आठवतो. उकाडा असा, की लोखंडी बाकांवर बसवत नव्हतं. हिगाशिदा-सान सुरुवातीला नऊ नंबरला, लांब उजवीकडे. पाचव्या डावात तिसऱ्या बेसचा गडी बाद झाल्यावर पंचांशी भांडला, त्याला बाहेर काढलं. मॅनेजरने नुसतं बोट हलवलं. हिगाशिदा-सान धावत आले, मोजा बदलला, पाच नंबरला उभे राहिले. आठव्या डावात कॅचरच्या अंगठ्याला चेंडू लागला. मॅनेजरने पुन्हा बोट हलवलं. आता छातीवर, गुडघ्यांवर पॅड बांधून, तोंडाला जाळी लावून ते उकिडवे बसले. आमच्या मागचे दोन आजोबा उठून टाळ्या वाजवू लागले. "टॅट्स! टॅट्स!" सगळं स्टँड ओरडू लागलं. शेखरसुद्धा. मी मात्र बघत होते, की बदल करताना प्रत्येक वेळी त्यांची मान एकदा लहानशी हलायची. होकाराची. पुण्यात आमच्या कारखान्यातले लोक ओव्हरटाइमला हलवायचे तशी.

दुसऱ्या दिवशी पायरीवर मी म्हटलं, "काल सगळे तुमच्या नावाने ओरडत होते."

"हो," ते म्हणाले. "जपानमध्येही ओरडायचे." आणि मग, बहुधा उन्हामुळे, बहुधा मी कोणी पत्रकार नव्हते म्हणून, ते बोलले. शाळेत ते युगेकिशु होते. सहा नंबर. पण व्यावसायिक संघात गेले त्या वर्षी त्या जागेवर देशातला नामांकित खेळाडू उभा होता. प्रशिक्षकाने विचारलं, दुसऱ्या बेसवर जमेल? हे म्हणाले, देकिमास, जमेल. पुढच्या वर्षी, तिसऱ्या बेसवर? जमेल. गवतात? जमेल. कॅचर कमी आहे. जमेल. तेरा वर्षं. पुरस्कार असतात ते प्रत्येक जागेचे असतात. ज्याची जागाच एक नाही त्याचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं? वर्तमानपत्रं त्यांना 'बेन्रिया' म्हणायची. म्हणजे नळ गळतोय, कुलूप बिघडलंय, तर ज्याला हाक मारतात तो. सोयीचा माणूस.

"प्रेमाने म्हणायची," ते घाईघाईने म्हणाले.

"मग तुम्हाला सहा नंबर पुन्हा कधी मिळाला?"

"कुणाला दुखापत झाली तर. एखादा डाव."

"तुम्ही कधी मागितला नाही?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी जपानी चुकीचं बोलले होते. मग त्यांनी विचारलं, "मृणाल-सान, तुमच्या भाषेत, जागा मागणं चांगलं दिसतं का?"

मी विचार केला. नाही दिसत, म्हटलं. आपल्याकडेही, दिलं ते घ्यावं. घरी आल्यावर हे मी शेखरला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाला, "अगं, आम्ही काय वेगळे? क्लायंटने विचारलं टेस्टिंग येतं का, येतं. मेनफ्रेम? येतं. मग वीकेंडला पुस्तक आणून शिकायचं. इथे नाही म्हटलं की प्रोजेक्टविना बेंचवर, आणि बेंचवर जास्त दिवस बसलं की सामान बांधा." तो हसत होता. मग हसायचा थांबला. "मला खरं काय आवडतं हे आता मलाच आठवत नाही यार," असं काहीतरी म्हणाला. मी त्याच्यासमोर चहा ठेवला.

ऑगस्टच्या अखेरीस मॅनेजरचा फोन आला. एका मोठ्या क्लबचा माणूस टॅट्सला बघायला आलाय, मी दुपारी तासभर येऊ शकेन का. मी शेखरचा सल्ला न घेता निघाले. मला ड्राइव्ह करता यायला लागून तीनच आठवडे झाले होते. हायवेवर पहिल्यांदा एकटी गेले.

मॅनेजरची खोली म्हणजे कपड्यांची कपाटं, घामाचा वास आणि एक टेबल. तो आलेला माणूस बारीक, सभ्य, गुडघ्यावर वही. हिगाशिदा-सान धुतलेल्या गणवेशात, पाठ ताठ. मी मधल्या खुर्चीत. किती महिन्यांनी माझी अशी मधली खुर्ची! मला लाज वाटेल इतका आनंद होत होता.

प्रश्न साधे होते. झोप कशी लागते, गुडघा कसा आहे, घरचे येणार का. मी वाक्यं इकडून तिकडे नेत होते, आणि भाषा अंग झटकून उभी राहत होती. मग त्या माणसाने सांगितलं, की त्यांच्या खालच्या संघात एका माणसाची गरज आहे. कॅचरला विश्रांती देईल, आणि बाकी जिथे खड्डा पडेल तिथे उभा राहील. मोसमाच्या शेवटी मोठ्या संघात काही जागा वाढतात, कुणी सांगावं. मॅनेजर बिया चघळायचा थांबला. हे जवळजवळ झाल्यातच जमा होतं.

"शेवटचा एक प्रश्न," तो म्हणाला. "त्यांना विचारा, त्यांची जागा कोणती? मनापासून कुठे खेळतात?"

हा प्रश्न नव्हताच. नुसती रीत. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं.

हिगाशिदा-सानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खिडकीतल्या पंख्याच्या दोन फेऱ्या मला मोजता आल्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, "लहानपणापासून मी युगेकिशुच आहे. बाकी सगळ्या जागांवर मी कुणीतरी सांगितलं म्हणून उभा राहिलो."

आता सगळे माझ्याकडे बघत होते.

पुण्यात मी वाक्यांच्या कडा घासून द्यायची. जपानी साहेब ओरडले तर मी 'ते सुचवताहेत' म्हणायची. आमचे फोरमन कुरकुरले तर 'ते विचार करतील.' सगळेच दुभाषे करतात. त्या क्षणी माझ्या जिभेवर एक शब्द तयार होता, एनीव्हेअर. कुठेही. एक शब्द, आणि सगळं सुरळीत. हिगाशिदा-सान छत्तीस वर्षांचे. अशी खोली पुन्हा मिळणार नव्हती.

धैर्य वगैरे माझ्यात काही नव्हतं. खरं सांगायचं तर कुतूहल होतं. कितीतरी आठवडे मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते पुरं होऊन माझ्या हातात आलं होतं, आणि मला ते मोडवेना. मी ते इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. दोन्ही वाक्यं.

तो सभ्य माणूस हसला. वाईट नाही हसला. "शॉर्टस्टॉप," तो म्हणाला, "छत्तिसाव्या वर्षी." वहीत काहीतरी लिहिलं, उठला, हिगाशिदा-सानांशी हात मिळवला, माझे आभार मानले. आठवड्याभरात कळलं, की त्यांनी दुसऱ्या एका संघातला कॅचर नेला.

त्याच दुपारी गाडीपाशी मॅनेजर माझ्यामागे आला. "तू त्याला मदत करू शकली असतीस, यू नो," एवढंच म्हणाला. रागावला नव्हता. तेच जास्त लागलं. मी गाडीत बसून रडले, आणि मग डोळे पुसून, उजव्या लेनमधून, अगदी सावकाश घरी आले.

शेखरने सगळं ऐकून घेतलं. "तू चूक नाही केलीस," तो म्हणाला. "पण मी असतो ना, तर एनीव्हेअर सांगून मोकळा झालो असतो." त्याच्या दोन्ही वाक्यांत तथ्य होतं, म्हणून माझं काहीच सुटलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या दारावर गेले. माफीचं वाक्य मनात तीनदा घोकलेलं. दार उघडल्यावर त्यांनी मला ते बोलूच दिलं नाही.

"तुम्ही तसंच सांगितलंत ना? जसं मी म्हणालो तसं?"

"हो."

ते वाकले. तळघरात वाकले होते त्याहून खूप खाली, खूप वेळ. मला काय करावं कळेना, म्हणून मीही वाकले. दोन माणसं एका अमेरिकन अपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये, एकमेकांच्या पायांकडे बघत. समोरच्या घरातल्या बाई कचरा टाकायला बाहेर आल्या आणि परत आत गेल्या.

मोसमाचा शेवटचा सामना सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी होता. निकालाने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. आकाश लख्ख, झाडांच्या शेंड्यांवर नुकता तांबूस रंग. आत गेल्यावर शेखरने फळ्याकडे बोट दाखवलं. खेळाडूंची नावं आणि पुढे जागांचे नंबर. हिगाशिदा, सहा. मॅनेजरला वाईट वाटलं म्हणून, की ठरलेल्या पोराचा पाय मुरगळला होता म्हणून, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. कधी नव्हे ते, मला ते जाणून घ्यायचं नव्हतं.

तिसऱ्या डावात अगदी सोपा चेंडू त्यांच्याकडे आला आणि दोन पायांमधून मागे निघून गेला. मी तोंडावर ओढणी घेतली. सगळं स्टँड 'ओह' म्हणालं. मी बोटांच्या फटीतून पाहिलं, तर ते टोपी काढून केसांतून हात फिरवत होते, आणि ओरडत होते. हो, ओरडत होते! इतके महिने ज्यांना मी मान हलवतानाच पाहिलं होतं, ते दुसऱ्या बेसवाल्याला पुढे बोलवत होते, डावीकडच्याला मागे लोटत होते, फेकणाऱ्याजवळ जाऊन काहीतरी सांगून त्याला हसवत होते. जपानी, इंग्रजी, तोडकंमोडकं स्पॅनिश, सगळं एकत्र. दर चेंडूगणिक दोन पावलं इकडे, एक तिकडे. एका जागी उभेच राहत नव्हते. नावात हुंदडणं आहे ते काय, हे माझ्यासमोर चाललं होतं.

"हा माणूस इतका बोलतो?" शेखर म्हणाला.

नऊ डाव ते तिथेच राहिले. आठव्या डावात त्यांच्या उजव्या हाताला खोल चेंडू गेला. त्यांनी आडवा हात घालून तो अडवला आणि तिथूनच पहिल्या बेसकडे लांब फेकला. फेक थोडी खाली गेली. पलीकडच्याने मातीतून उचलून घेतली. गडी बाद. साधा बाद, असे एका सामन्यात पन्नास होतात. सामना आम्ही हरलो.

चार दिवसांनी ते गेले. जाताना शेखरला विमानतळावर सांगत होते, की संत्र्यांच्या तोडणीला वेळेवर पोचतोय. मी भाषांतर केलं आणि दोघे झाडांच्या रोगांवर बोलत बसले.

तेव्हापासून दर नवीन वर्षाला त्यांचं एक कार्ड येतं, चार ओळींचं, सुवाच्य अक्षरात. मला दोन वर्षांपूर्वी काम करायचा परवाना मिळाला. आता एका औषधांच्या कंपनीत जपानी कागदांचं भाषांतर करते. यंदाच्या कार्डावर पहिल्यांदाच फोन नंबर होता. मी तो लावला नव्हता. पाच वर्षं एक प्रश्न मनात असला, की त्याचं उत्तर मिळेल याचीच भीती वाटू लागते.

काल संध्याकाळी लावला. तिथे सकाळ होती. मागे कोंबडा आरवत होता.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलंच. "त्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत, काय उत्तर दिलं म्हणजे काम मिळेल, हे तुम्हाला कळलं नव्हतं का? मी नीट समजावून सांगायला हवं होतं का?"

"कळलं होतं," ते म्हणाले. "एनीव्हेअर. हा शब्द मला इंग्रजीत येत होता, मृणाल-सान. आल्या दिवसापासून मी तेवढाच म्हणत होतो. तो म्हणायला मला दुभाषी लागली नसती."

फोनवर थोडा वेळ कोंबडाच बोलला.

मग मी विचारलं, सध्या काय चाललंय. सकाळी बागेत असतो, म्हणाले, आणि संध्याकाळी गावातल्या मुलींचा एक सॉफ्टबॉलचा संघ आहे, त्यांना शिकवतो. बारा मुली, नऊ जागा.

"कोण कुठे खेळणार हे कसं ठरवता?"

"विचारतो."

"आणि त्या काय सांगतात?"

"पहिल्या दिवशी सगळ्या एकच सांगतात. दोको देमो. कुठेही चालेल." त्यांच्या आवाजात हसू होतं. "मग मी पुन्हा विचारतो."